नवी बॅटरी घेण्याआधी : बाईकचं चार्जिंग घरी कसं तपासावं

सेल मारला की नुसतं टकटक होतं, हॉर्न बसल्यासारखा वाजतो. गॅरेजवाला बॅटरी बदलायला सांगतो आणि दोन महिन्यांत नवीही उतरते. बॅटरी करंट फक्त साठवते. तो तयार करते इंजिनातली मॅग्नेट कॉइल, त्याचा एसीचा डीसी करून व्होल्टेज ताब्यात ठेवतं आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट. या तिघांना जोडणाऱ्या वायरी आणि कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) मात्र कोणी उघडून बघत नाही, आणि बिघाड बऱ्याचदा तिथेच असतो. साधा डिजिटल मल्टिमीटर असला तर तो स्वतः शोधता येतो.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी स्विच ऑन न करता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर लावा. १२.६ किंवा जास्त आले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली जवळपास रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी (सेलपैकी) एक गेला समजा. तिथे बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. रिकामी असेल तर आधी बाहेरून चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवा : ५ अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर.

आता टर्मिनल. खोलताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह खोलताना पाना चेसिसला टेकला, तर ठिणगी पडते. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रशने घासा, नीट कोरडं करा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन-चेसिस यांचा जोड, इथेच तपासून घ्या. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर कुठेतरी सैल किंवा गंजलेली आहे.

मग खरी चाचणी. इंजिन चालू करा, मीटर पुन्हा बॅटरीवर. आयडलवर आकडा थोडा कमी असला तरी घाबरू नका. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, तो आपला वाटा घेतोच. रेस वाढवून चार-पाच हजार आरपीएमला न्या. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर राहिलं तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट बिघडलंय. अशा गाडीची बॅटरी फुगते, पाणी आटतं, बल्ब वारंवार उडतात. रेस वाढवूनही आकडा साडेबारावरच राहिला, तर करंट बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.

अशा वेळी लगेच कॉइल किंवा आरआर युनिट विकत घेऊ नका. आधी फ्यूज बघा, मग कॉइलकडून आरआर युनिटला येणारा कपलर उघडा. तपकिरी झालेलं प्लास्टिक, जळका वास, हिरवट पडलेली पिन, यातलं काही दिसलं तर चोर सापडला. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल होते. कोकणातल्या दमट हवेत तर हे फारच लवकर होतं. पिन बदला किंवा नवा कपलर लावा. नुसता टेप गुंडाळून काही दिवसच निभावतं.

कपलर चांगला असेल तर तो सुटा ठेवून कॉइल तपासा. थ्री-फेज कॉइलच्या गाडीत तिथे बहुधा तीन पिवळ्या वायरी येतात. (शंभर-सव्वाशे सीसीच्या जुन्या गाड्यांत रचना वेगळी असते.) मीटर एसी २०० वर ठेवून रेस द्या आणि दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा असावा आणि रेसबरोबर वाढावा. एक जोडी मागे पडली तर कॉइल गेली. इंजिन बंद करून मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्रत्येक पिवळी वायर आणि चेसिस यांत जोड आहे का बघा. बीप वाजला तरी कॉइल गेलीच. कॉइल ठणठणीत आणि वायरिंगही नीट, मगच आरआर युनिटवर संशय घ्या.

काही जुने मेकॅनिक चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघतात’. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हे कधीही करू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळू शकतो, आणि तो बॅटरीच्या कित्येक पट महाग.

चार्जिंग बरोबर असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरते? मग कोणीतरी गुपचूप करंट पितंय. चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल पिन त्याच रेंजच्या सॉकेटमध्ये घालून, वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल मारू नका. एरवी हा करंट काही मिलीअँपिअरच असतो. जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा पडेल त्या सर्किटमध्ये गळती. फ्यूज काढूनही पडला नाही, तर थेट बॅटरीवरून घेतलेले फॉग लॅम्प, मोबाईल चार्जर, अलार्म एकेक सोडवून बघा. यातलं काही परत जोडायचं असेल तर चावीच्या लाइनवरून चालणाऱ्या रिलेमार्फत (चावी ऑन केली तरच करंट सोडणाऱ्या स्विचमार्फत) जोडा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा.