आधी डाळ-कडधान्य, मग बाकीचा किराणा

महिन्याची यादी करताना आमच्या घरी पहिली ओळ डाळींची असते. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, मसूर एक. मटकी, चवळी, काबुली नव्हे तर साधे हरभरे आणि हिरवे मूग अर्धा-अर्धा किलो. शेंगदाणे एक किलो. आम्ही पाच जण: सासूबाई, आम्ही दोघं, दोन शाळेत जाणारी मुलं. माणशी रोज मूठभर पडतं. हे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात बाकीचं बसवायचं.

का सांगते? हात आखडला की बहुतेक घरांत पहिली कात्री डाळीला लागते. आमटी पातळ होत जाते, भात वाढत जातो. पोट भरतं, पण मुलं चार वाजता परत भूक भूक करतात आणि खाऊच्या पुड्या सुरू होतात. दोन मुलांना रोज दहाची एकेक पुडी म्हणजे महिन्याला ६०० रुपये. तेवढ्यात शेंगदाणे, गूळ आणि वर दोन-तीन डझन अंडी येतात. चार वाजता दाणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं द्या, रात्रीपर्यंत कुरकुर नाही.

प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर जानेवारी २०२३ पासून माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट आहे. घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करून घ्या आणि धान्य उचलाच. धान्याचे वाचलेले पैसे डाळीला लावा. पाच किलो गव्हात अर्धा किलो चणाडाळ घालून गिरणीत द्या. चपाती मऊच राहते, मुलांना कळतही नाही. नाचणीही आणत जा. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि सकाळची आंबील स्वस्तात होते.

कडधान्य मोड आणून करा, वाटीभर मटकीची भांडंभर उसळ होते. सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी निथळून, एकदा धुवून जुन्या सुती कापडात घट्ट बांधायची आणि चाळणीत ठेवून वर ताट झाकायचं. मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी मोड दिसतात. पुरचुंडी डब्यात बंद करू नका, पाणी साचून वास येतो. पावसाळ्यात मोड कच्चे खायला देऊ नका, शिजवूनच द्या. आणि उसळीवर लिंबू पिळायचंच. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांतही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा असंच म्हटलंय. सासूबाईंचा दुपारचा चहा आम्ही चारवर नेला.

भाजी दादरला सकाळी लवकर गेलात तर स्वस्त पडते. नाही जमलं तर रात्री भाजीवाले आवरायला लागले की वाटा घ्या. मुळ्याचा पाला टाकू नका, डाळ घालून भाजी होते. फ्लॉवरची कोवळी पानं बारीक चिरून थालीपिठात जातात. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. पावसात पालेभाजी महागते आणि चिखलानं भरलेली येते, तेव्हा दुधी-भोपळ्यावर या.

मासे खात असाल तर पापलेट-सुरमईचा नाद सोडा. तारली, बांगडा, मांदेली यांत प्रथिनं काही कमी नाहीत, उलट तारली-बांगड्याची चरबी हृदयाला चांगली. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, भाव चढतात. म्हणून मे महिन्यातच सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, घेऊन ठेवा. तो कोरडा भाजायचा, चाळून रेती-कचरा काढायचा, मग पाण्यात दोनदा चोळून धुवायचा. मी दुसऱ्यांदा धुते ती मिठासाठी, कारण सासूबाईंना बीपी आहे. भरपूर कांदा, हिरवी मिरची, दोन आमसुलं, थोडं तेल. वरून मीठ घालायच्या आधी चव बघा, बहुतेक वेळा लागतच नाही. मूठभर जवळ्यात पाच जणांची भाकरी होते.

गॅससाठी एकच सांगते: डाळ तासभर भिजवा आणि कुकरमध्ये डाळ, भात, बटाटे एकदमच लावा.

उरलेला सुका जवळा पाऊस लागायच्या आत दोन कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि काढताना ओला चमचा घालू नका, म्हणजे श्रावणापर्यंत पुरतो.