जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलताय? या चुका टाळा

व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज वारंवार उडू लागला की पहिला आळ पॉवर ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे मेन्समधून सेटला लागणारी व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर येतो. सेटमधला सर्वांत जड, महागडा आणि मिळायला अवघड भाग हाच. म्हणून नवीन शोधायला लागण्याआधी जुना खरोखर गेलाय का, आणि गेला असेल तर कशामुळे, याची खात्री करून घ्या.

चांगला ट्रान्सफॉर्मर बाद ठरवणे

मेन्सचा प्लग काढा. चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) हात लावण्याआधी फिल्टर कपॅसिटर (डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर) १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याचं बघा. ही पायरी प्रत्येक वेळी, अगदी दोन मिनिटांपूर्वी केली असली तरी पुन्हा.

आता मेन्सच्या फेजमध्ये ६० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. सेट चालू करून बल्ब बघा. मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) काढून परत चालू करा. लख्ख पेटणारा बल्ब आता मंद झाला, तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे: फिल्टर कपॅसिटर, आउटपुट व्हॉल्व्ह, कुठेतरी चॅसीला टेकलेली तार. फरक पडला नाही तर सगळे व्हॉल्व्ह काढा. पायलट लॅम्पचं (सेट चालू असल्याचं दाखवणाऱ्या दिव्याचं) होल्डरही बघा. त्याची पत्री वाकून चॅसीला टेकली की हीटर वाइंडिंग (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरना वीज देणारे वेढे) शॉर्ट होतं आणि बिचारा ट्रान्सफॉर्मर बदनाम होतो.

शेवटी सेकंडरीच्या (सेटकडच्या वाइंडिंगच्या; मेन्सकडची ती प्रायमरी) सगळ्या तारा सोडवा, टोकांना टेप लावा आणि परत चालू करा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला बल्ब क्षणभर चमकून विझतो किंवा अगदी लालसर राहतो. तारा मोकळ्या असूनही तो पूर्ण पेटला, तर आतले वेढे शॉर्ट झालेत. तेव्हाच ट्रान्सफॉर्मर बाद समजा.

मीटरने रेझिस्टन्स बघताना एका गोष्टीवर फसायला होतं. एचटी (प्लेटसाठी उच्च व्होल्टेज देणाऱ्या) वाइंडिंगचा एक अर्धा भाग ८० ओहम आणि दुसरा ९० ओहम दाखवतो, म्हणून तो खराब नसतो. बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते, म्हणून रेझिस्टन्स वाढतो. वेढ्यांची संख्या सारखीच असते.

मूळ कारण तसंच सोडणे

ट्रान्सफॉर्मर आपोआप क्वचितच जळतो. बहुधा आधी फिल्टर कपॅसिटर शॉर्ट होतो, किंवा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारा) गळून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, प्लेट लाल होते आणि करंट दुप्पट होतो. त्यात कोणीतरी १ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरचा फ्यूज घातलेला असतो. मग फ्यूजऐवजी वाइंडिंग जळतं. नवीन ट्रान्सफॉर्मर बसवण्याआधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, कपलिंग कपॅसिटर, बायसचे (ग्रिडचं स्थिर व्होल्टेज ठरवणारे) रेझिस्टर आणि रेक्टिफायर तपासा, शंका असेल ते बदला. फ्यूज मूळ रेटिंगचा, स्लो-ब्लो (क्षणिक धक्का सोसणारा).

कपॅसिटर बदलताना पहिल्या फिल्टरची किंमत हौसेनं वाढवू नका. ईझेड८१ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला ५० मायक्रोफॅरड आणि जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की सुरुवातीच्या करंटच्या धक्क्यात रेक्टिफायरमध्ये ठिणगी पडते.

अंगावरच्या आकड्यांना रेटिंग समजणे

जुन्या अमेरिकन ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६-२३ असा शिक्का दिसतो. हे व्होल्टेज नाही आणि मॉडेलही नाही. ६०६ म्हणजे शूमाकर या उत्पादकाचा कोड, पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि त्यानंतर आठवडा. त्यावरून वय कळतं, वाइंडिंगबद्दल काहीच कळत नाही.

तारांचे रंग थोडी मदत करतात. अमेरिकन पद्धतीत प्रायमरी काळी, एचटी लाल, तिचा सेंटर टॅप (मधोमध काढलेली तार) लाल-पिवळा, ५ व्होल्टचं रेक्टिफायर वाइंडिंग पिवळं, ६.३ व्होल्टचं हिरवं. पण युरोपीय सेटमध्ये ही पद्धत गृहीत धरू नका, आणि कोणी आधी रिवाइंड केलेला (नव्याने वेढे घातलेला) असेल तर कुठेच धरू नका.

एचटीचे आकडे चुकीचे वाचणे

३२५-०-३२५ आणि ६५० सेंटर टॅपसह हे एकच वाइंडिंग आहे. ३२५ व्होल्ट, सेंटर टॅप नाही, हे मात्र वेगळं. त्याला ब्रिज (चार डायोडचा) रेक्टिफायर लागतो. मागवताना आकडे पूर्ण लिहून घ्या.

सर्किट डायग्रामवर पहिल्या फिल्टरजवळ दिलेलं डीसी व्होल्टेज हे लोडवरचं असतं. तिथून मागे जात वाइंडिंगचं व्होल्टेज काढायचं. ३००-०-३०० वर सिलिकॉन डायोड लावले तर लोड नसताना सुमारे ४२० व्होल्ट डीसी मिळतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर आणि पूर्ण लोडवर तेच साधारण ३३० ते ३७० वर येतं. रेक्टिफायर कोणता, यावर बरंच अवलंबून असतं: ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह पूर्ण करंटवर ५० ते ६० व्होल्ट खातो, जीझेड३४ फार तर १७-१८. म्हणून ५वाय३ च्या सेटमध्ये जीझेड३४ किंवा डायोड घालून “तेवढंच चालेल” म्हणणं आउटपुट व्हॉल्व्हच्या जिवावर येतं.

करंट कसा लिहिलाय तेही बघा. सेंटर टॅप आणि कपॅसिटर इनपुट फिल्टर (रेक्टिफायरनंतर थेट कपॅसिटर) असेल तर वाइंडिंगचा एसी करंट आणि मिळणारा डीसी जवळपास सारखा धरतात. ब्रिजमध्ये मात्र डीसी एसीच्या ०.६२ पट एवढाच. २०० मिलिअँपिअर एसीचं वाइंडिंग ब्रिजवर १२४ मिलिअँपिअर डीसी देतं, २०० नाही.

हीटरची बेरीज न करणे

सर्वाधिक ट्रान्सफॉर्मर इथेच चुकीचे मागवले जातात. दोन ईएल८४ आउटपुट व्हॉल्व्ह पुश-पुल (जोडीनं आलटून-पालटून काम करणारे), प्रीअ‍ॅम्पचे (आधीच्या टप्प्याचे) तीन १२एएक्स७ आणि एक पायलट लॅम्प असलेला सेट घेऊ.

ईएल८४ प्रत्येकी ०.७६ अँपिअर, म्हणजे १.५२. १२एएक्स७ ६.३ व्होल्टवर प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.९. लॅम्प ०.१५. एकूण २.५७ अँपिअर. ईझेड८१ त्याच वाइंडिंगवर असेल तर अजून १. म्हणजे ३.५७, तेव्हा ४ अँपिअरचं वाइंडिंग घ्या. ३ अँपिअरचं चालेल असं वाटतं, सुरुवातीला चालतंही, पण हीटर ५.८ वर बसतात आणि ट्रान्सफॉर्मर हात लावू देत नाही.

एचटीचं गणितही तसंच. ३०० व्होल्टवर पूर्ण आउटपुट देताना ईएल८४ ची जोडी प्लेटला ९२ आणि स्क्रीनला (दुसऱ्या ग्रिडला) २२ मिलिअँपिअर घेते. प्रीअ‍ॅम्पचे ५-६ धरून १२० च्या आसपास. १५० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर योग्य. ईझेड८१ चीही तीच मर्यादा आहे.

ईझेड८१ चा हीटर कॅथोडपासून वेगळा असल्यानं बाकीच्या हीटरच्या वाइंडिंगवर चालतो. ५वाय३ आणि ५यू४ चं फिलामेंट मात्र स्वतःच एचटीवर असतं. त्यांना स्वतंत्र ५ व्होल्टचं वाइंडिंग हवंच.

मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला की झालं, असं समजणे

थोडी जास्त क्षमता चांगली, पण जाड तारेचा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायरवर येणारा धक्का वाढवतो. ईझेड८१ ला ३५० व्होल्टवर प्रत्येक अ‍ॅनोडमागे (प्लेटमागे) किमान २३० ओहम लागतात. मोजायचं असं: एचटीच्या अर्ध्या भागाचा रेझिस्टन्स, अधिक प्रायमरीचा रेझिस्टन्स गुणिले व्होल्टेजच्या गुणोत्तराचा वर्ग. ९० ओहमची सेकंडरी, १२ ओहमची २३० व्होल्ट प्रायमरी: गुणोत्तर ३५०/२३० = १.५२, वर्ग २.३, म्हणजे ९० + २८ = ११८. उरलेल्या ११२ साठी प्रत्येक अ‍ॅनोडला १२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाका. हे काम स्वस्तातलं आहे आणि बहुतेक जण विसरतात.

मेन्स आणि फ्रीक्वेन्सी

२२० व्होल्टच्या जुन्या प्रायमरीला २४० मिळाले की सगळंच ९ टक्के वाढतं: हीटर ६.८७, एचटी ३५० ऐवजी ३८२. नवीन घेताना तुमच्या प्लगवर प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज सांगा, जुन्या लेबलवरचं नाही. ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर लावू नका. कोअर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होऊन, म्हणजे त्याची चुंबकत्वाची मर्यादा संपून, तापतो आणि गुणगुणतो. उलट चालतं.

गायब वाइंडिंग

फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज) असलेल्या सेटला ट्रान्सफॉर्मरवर बायसचा टॅप लागतो. तो नसलेला ट्रान्सफॉर्मर घातला आणि तसाच चालू केला, तर काही क्षणांत प्लेट लाल. हीटरला सेंटर टॅप नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला लावा. टॅप असेल तर रेझिस्टर काढा, दोन्ही ठेवू नका.

बसवताना आणि पहिल्यांदा चालू करताना

भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. ट्रान्सफॉर्मर उभा की चॅसीत अर्धा बुडालेला, ते कळवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी (स्पीकरकडच्या ट्रान्सफॉर्मरशी) कोअर काटकोनात ठेवला नाही तर स्पीकरमध्ये हम (घुमणारा आवाज) येतो. स्टॅटिक शील्डची (प्रायमरी आणि सेकंडरीमधल्या धातूच्या पडद्याची) तार चॅसीला, मोकळी नाही.

दोन ११५ व्होल्टच्या प्रायमरी २३० साठी सिरीजमध्ये जोडताना फेज उलटी झाली तर बल्ब लख्ख पेटून लगेच सांगतो. म्हणून बल्बशिवाय चालू करू नका. सेकंडरी मोकळ्या ठेवून मोजलंत तर ६.३ चं वाइंडिंग ७ व्होल्टपर्यंत दाखवेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरं मोजमाप सगळे व्हॉल्व्ह बसवून, बल्ब काढून: हीटर ५.७ ते ६.९ च्या आत, एचटी डायग्रामच्या जवळ.

जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात देऊ नका. कोअरच्या पत्र्या, बॉबिनचं (वेढे गुंडाळलेल्या साच्याचं) माप आणि तारेची जाडी त्यातच आहे, आणि बाजारात जुळणारा मिळालाच नाही तर रिवाइंड करणाऱ्याला त्याचे वेढे मोजूनच नवीन वाइंडिंग करता येतं.