गोठ्यात उभी राहिलेली टर्बो डिझेल कशी चालू केली

मामांची जुनी टर्बो डिझेल जीप देवरुखला गोठ्यात कित्येक पावसाळे उभी होती. नवी बॅटरी लावा आणि सेल्फ मारा, असं सगळ्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतो. गाडी इतकी वर्षं उभी राहिली की ते ऑइल निथळून खाली गेलेलं असतं.

आधी एअर फिल्टरकडचा पाइप काढला. फिल्टरच्या डब्यात उंदरांनी पेंढा आणि कापूस कोंबला होता. तो आत खेचला गेला असता तर टर्बोची पाती गेलीच असती. बोटाने टर्बोचं चक्र फिरवून पाहिलं. आडवं किंचित हललं तर चालतं. आत-बाहेर सरकलं किंवा पातं कडेला घासलं, तर टर्बो उतरवावाच लागतो. नशीब, तसं नव्हतं.

ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले. टाकीतलं डिझेल उपसलं (वास अगदी वार्निशचा!), नवं भरलं, हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबून हवा काढली. मग डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा खटका) वायर काढून, म्हणजे इंजिन चालू न होता ऑइल वर चढेल, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत नुसताच सेल्फ मारला. वायर जोडल्यावर गाडी भकाभका पांढरा धूर ओकत उठली. मामा म्हणाले, "रेस दे रे!" दिली नाही, टर्बोला आधी ऑइल नीट मिळू दिलं.

चढाला मात्र दम नव्हता. इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी होज क्लिपखाली चिरला होता. बाहेर तेलकट डाग दिसला म्हणून सापडला. होज नि क्लिपा नव्या टाकल्या, मग आंबा घाट तिसऱ्या गिअरवर चढली.