नदी किती चढलीय, त्याहीपेक्षा किती वेगाने चढतेय ते बघा

नदीकाठच्या घरात मी एकवीस वर्षं राहतेय आणि त्यातली अठरा वर्षं रोज सकाळी सात वाजता नदीची पातळी वहीत लिहितेय. पहिली तीन वर्षं लिहीत नव्हते. तिसऱ्या वर्षी पाणी घरात आलं. त्या रात्री साडेदहाला मी टॉर्च घेऊन पायऱ्यांपर्यंत जाऊन आले होते. आठ पायऱ्या कोरड्या होत्या. आठ म्हणजे पुष्कळ झाल्या, असं म्हणून आम्ही झोपलो. अडीचच्या सुमाराला अंथरूण खालून ओलं लागलं म्हणून जाग आली. सासूबाईंना दोघांनी धरून वरच्या मजल्यावर नेलं, पण त्यांच्या गोळ्या खालच्या कपाटातच राहिल्या. ती उरलेली रात्र मी विसरलेले नाही.

किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मी मोजलं होतं. मागच्या तासाभरात किती बुडाल्या, ते मात्र पाहिलं नव्हतं. पुढे जे सांगतेय ते सगळं या एका चुकीतून शिकलेलं आहे.

सुरुवात पट्टीपासून, म्हणजे पाण्याची उंची वाचायच्या खुणांपासून करा. पूल, घाट, संरक्षक भिंत असं काहीतरी पक्कं, न हलणारं हवं. झाडावर खूण करू नका. मोठ्या पुरात झाड कलतं किंवा जातंच. पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारा आणि दर अर्ध्या मीटरला मोठा आकडा लिहा. आकडे दूरून, टॉर्चच्या उजेडात वाचता येतील एवढे मोठे असू द्या, कारण खरी गरज लागते तेव्हा रात्र असते, पाऊस असतो आणि पट्टीजवळ जाणं धोक्याचं असतं. जी पट्टी वाचायला पाण्याजवळ उतरावं लागतं, ती पुराच्या कामाची नाही. माझी खालची पट्टी घाटावर आहे, पण वरची कुंपणाच्या भिंतीवर आहे आणि ती गच्चीतून वाचता येते.

मग घराच्या उंबऱ्याची उंची त्याच पट्टीच्या मापात काढा. हे काम बहुतेक लोक करतच नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. गवंडी लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तेवढी पुरते. नळीचं एक टोक पट्टीपाशी आणि दुसरं उंबऱ्यापाशी धरायचं, म्हणजे दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी नळी झटकून बुडबुडे काढा. अंतर फार असेल तर मध्ये एक-दोन ठिकाणी खुणा करत टप्प्याटप्प्याने या. माझा उंबरा पट्टीवर ४.६० मीटरला येतो. खालच्या मजल्यावरचं विजेचं सगळ्यात खालचं बटण ४.९५ ला. हे दोन आकडे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत.

एरवी दिवसातून एकदा, ठरल्या वेळी वाचा. पावसाळ्यात दोनदा, आणि पाणी चढायला लागलं की तासाला. लाटा असतील तर पाणी वर कुठवर जातं आणि खाली कुठवर येतं ते पाहून मधला आकडा घ्या. दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही. वेळ मात्र मिनिटासकट लिहा. वेळ नसेल तर पाणी किती वेगाने चढतंय ते काढता येत नाही, आणि मग नुसत्या आकड्याने फसवायला सुरुवात होते.

माझ्या वहीतल्यासारखंच एक उदाहरण घ्या. संध्याकाळी सातला २.१०, आठला २.१८, नऊला २.३४, दहाला २.६२. पाणी ४.०० ला काठाबाहेर पडतं असं धरा. म्हणजे अजून १.३८ मीटर बाकी. शेवटच्या तासात २८ सेंटिमीटर चढलं, तेव्हा पाच तास आहेत, असा हिशेब कोणीही करेल. पण वाढ बघा: आधी ८, मग १६, मग २८. वाढच वाढत चालली आहे. पुढच्या तासांत ती ४०, ५५, ७० अशी गेली तर एकच्या आधी पाणी काठावर येतं, म्हणजे हातात तीन तासही नाहीत. तेव्हा प्रत्येक आकड्यासमोर मागच्या तासातली वाढ लिहा आणि निर्णय त्या रकान्याकडे बघून घ्या.

पाणी काठाबाहेर पडलं की ते दोन्ही बाजूंना पसरतं आणि पट्टीवरची वाढ एकदम मंदावते. ‘चला, उतार लागला’ असं वाटण्याची हीच वेळ. उतार लागलेला नसतो, नदी रुंद झालेली असते. पातळी लागोपाठ तीन वाचनांत खाली आल्याशिवाय मी ओसरलं हा शब्द तोंडातून काढत नाही. पूर चढतो भरभर आणि उतरतो रेंगाळत. शिवाय वरून येऊन मिळणाऱ्या दुसऱ्या नदीचा लोंढा मागाहून पोचला किंवा धरणाचा विसर्ग वाढला, तर ओसरता ओसरता पाणी परत चढतं.

आपल्या दारातला पाऊस पूर येणार की नाही हे सांगत नाही. पाऊस पाणलोटात, म्हणजे जिथलं पाणी वाहून आपल्या नदीत येतं त्या सगळ्या भागात, किती झाला ते बघायचं. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. पन्नास चौरस किलोमीटरच्या पाणलोटात शंभर मिलिमीटर पडला, तर पन्नास लाख घनमीटर. जमीन कोरडी असेल तर त्यातलं बरंच मुरतं. आठवडाभर झड लागून जमीन तुडुंब झाली असेल तर तोच पाऊस जवळजवळ सगळा नदीत येतो. म्हणून मी मागच्या सात दिवसांची बेरीजही लिहिते. उभ्या सरळ बाजूंचं कुठलंही भांडं मोकळ्यावर ठेवून आत पट्टी धरली तरी पाऊस मोजता येतो. बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक ऐकलं की सेकंदाला २८३ घनमीटर समजा.

वरच्या बाजूला एक माणूस जोडून ठेवा. नदीने पाच-सहा तास वर राहणाऱ्या एका गृहस्थांना मी वर्षानुवर्षं फोन करतेय. त्यांच्याकडे पाणी सर्वांत उंच कधी गेलं आणि माझ्याकडे कधी, असे अकरा पूर वहीत शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. सगळ्यात कमी अंतर सव्वाचार तासांचं निघालं, सगळ्यात जास्त आठ. मी सव्वाचार धरून चालते. सरासरी काढत बसू नका, जो पूर सगळ्यात लवकर पोचला त्याचाच वेळ धरा.

सरकारी पातळीचंही तसंच. इशारा पातळी आणि धोका पातळी जाहीर होते ती त्यांच्या मापनकेंद्राची असते, तुमच्या दाराची नव्हे. त्यांचा आकडा येईल त्या त्या वेळी आपल्या पट्टीचा आकडा शेजारी लिहा. तीन-चार पावसाळ्यांत कळतं, की त्यांच्याकडे एवढं म्हणजे आपल्याकडे एवढं. मग रेडिओवरची बातमी थेट आपल्या उंबऱ्याशी जोडता येते. आणि स्वयंचलित केंद्राकडून आकडे येणं थांबलं तर ‘काही विशेष नसेल’ असं समजू नका. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात १४ जुलै २०२१ च्या रात्री आल्टेनआर इथलं मापनकेंद्रच पुराने निकामी केलं. त्याच्या शेवटच्या आकड्यानंतर पाणी कितीतरी वर गेलं. आकडे अचानक थांबले तर मी ती धोक्याची खूण धरते.

एक गोष्ट नवख्यांना चकवते. पाऊस नाही, वरून फोन नाही, प्रवाह तर उलट संथ झालेला, आणि तरी पाणी चढतंय. हा फुगवटा. खाली ज्या मोठ्या नदीला आपली नदी मिळते ती भरली की आपलं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. तरंगणाऱ्या काड्या जागच्या जागी घुटमळतात. संथ दिसतं म्हणून त्याला कमी लेखू नका. हे पाणी हळू चढतं आणि दिवसच्या दिवस हलत नाही. याच्या उलट लहान डोंगरी ओढ्यांची गत. पाणी एकाएकी गढूळ झालं, ताज्या पानांच्या फांद्या वाहत आल्या, घरघर ऐकू आली, किंवा भर पावसात ओढा अचानक आटला, तर वाचन-बिचन सोडा आणि उंचावर जा. आटलेला ओढा म्हणजे वर कुठेतरी दरड किंवा ओंडके अडकून पाणी अडलंय, आणि ते फुटणार.

आता काय करायचं ते. माझ्या पट्टीवर तीन रंगांच्या रेघा आहेत, आणि कोणत्या रेघेला काय करायचं ते ऊन असताना, सगळे जेवायला एकत्र बसलेलो असताना ठरवलेलं आहे. पिवळ्याला: कागदपत्रं, औषधं, चार्ज केलेले फोन आणि पिण्याचं पाणी वर, गाडी उंचावर. नारिंगीला: म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं आधी हलवायची, गॅस बंद, विजेचा मेन बंद. लालला सगळे बाहेर, कोणी काहीही आणायला परत फिरायचं नाही. लाल रेघ उंबऱ्याखाली नाही, तर ज्या रस्त्याने आम्ही निघणार त्या रस्त्याचा सगळ्यात सखल भाग बुडतो त्याच्या चाळीस सेंटिमीटर खाली आहे. घर कोरडं असताना वाट बुडालेली असू शकते. हे एवढं तरी आज जाऊन बघा.

वाढ तासाला वीस सेंटिमीटरच्या वर गेली की आम्ही रंगाची वाट न बघता एक टप्पा पुढे जातो. आणि संध्याकाळी पाणी चढत असेल तर रात्री एक जण जागा. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून आत शिरलं तेव्हा नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्या काळी तिथली रेडिओ केंद्रं रात्री बंद असत आणि माणसं झोपेत होती. फोनवर इशारा येतो हे खरं, पण मनोरा बंद पडला की फोनही गप्प होतो. आमच्या गल्लीत शिट्टी ठरलेली आहे: तीन लांब शिट्ट्या म्हणजे निघा. पलीकडच्या काकूंना ऐकू कमी येतं, त्यांचं दार वाजवायला कोणी जायचं तेही नावानिशी ठरलेलं आहे.

वाहत्या पाण्यातून चालू नका, गाडी तर घालूच नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. वेगाने वाहणारं जेमतेम पंधरा सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडतं, तीस सेंटिमीटरमध्ये लहान गाडी वाहून जाऊ शकते आणि साठमध्ये बहुतेक गाड्या जातात. शिवाय पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय ते दिसत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बिग थॉम्प्सन नदीच्या अरुंद दरीत ३१ जुलै १९७६ ला एका रात्रीत १४० हून जास्त माणसं गेली. त्यांतल्या अनेकांनी गाडीने दरीच्या रस्त्यानेच निसटायचा प्रयत्न केला होता. आता अशा रस्त्यांवर पाटी असते: पूर आला तर चढून वर जा. पायी, गाडी सोडून.

मेन बंद करायला पाण्यात उभं राहावं लागणार असेल तर तो तसाच राहू द्या. पाणी ओसरल्यावरही वायरमनने बघितल्याशिवाय चालू करू नका. विहिरीचं आणि नळाचं पाणी उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. ओल्या गाद्या दोन दिवसांच्या आत बाहेर काढा, नाहीतर बुरशी धरते. आणि चिखल धुण्याआधी भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथे रेघ मारून तारीख घाला. कैरोत रोडा बेटावर नाईलची पातळी मोजायचा नवव्या शतकातला खांब अजून उभा आहे. तिथे शेकडो वर्षं पातळी नोंदवली गेली. आपल्याला निदान आपल्या भिंतीवरची रेघ जपता येते. ‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर तो अनुभवायची शक्यता शेकडा सव्वीस होते. गेल्या वर्षी येऊन गेला, म्हणून यंदा सुटका नसते.

बाकीच्या संकटांबद्दल थोडक्यात, कारण तिथे मोजायला वेळ कमी मिळतो. उतारावर घर असेल तर पावसाळ्यात जमिनीतल्या नव्या भेगा, कललेले खांब, अचानक घट्ट बसणारी दारं आणि गढूळ झालेला झरा यांच्याकडे लक्ष ठेवा. दरड येताना खाली पळू नका, तिच्या वाटेतून आडवे बाजूला व्हा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीसच्या आत आले तर घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. भूकंपात घरात असाल तर मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. समुद्रकिनारी असाल आणि जमीन बराच वेळ हादरली किंवा पाणी विचित्र मागे हटलं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर चढा आणि काही तास उतरू नका, पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीच्या लाटेची आठवण लोकांनी ‘स्मोंग’ या एका शब्दात जपली होती. २००४ च्या त्सुनामीत भूकंपाच्या केंद्रबिंदूच्या इतक्या जवळ असूनही तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं दगावली.

वही पेन्सिलनेच लिहा. शाईची पहिली वही माझ्या हातात भिजली आणि सहा महिन्यांचे आकडे निळ्या डागात गेले. पेन्सिल सुतळीने वहीला बांधून ठेवा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी टॉर्चच्याच खिळ्याला.