शिल्पकाराची कामं नोंदवताना आणि हरवलेली शोधताना

बाबा गेले तेव्हा कार्यशाळेत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त शिल्पांची नावं त्यांच्या वह्यांत निघाली. उरलेली कुठे गेली, ते मी अजून शोधते आहे. तुमच्यावर असं काम आलं असेल तर आधी काही आवरू नका. फळी फळी जशी आहे तशी फोटोत घ्या. मी पहिल्याच दिवशी एक फळी झाडून लावली आणि कुठला साचा कुठल्या पुतळ्याचा, हे सांगणारा शेजारच गेला.

क्रमांक शिल्पाला द्या, आणि त्याच्या प्रत्येक रूपाला उपक्रमांक. आमच्याकडे ४७ म्हणजे बसलेली म्हातारी. ४७-प हे तिचं प्लॅस्टर. ४७-१, ४७-२ ही ब्राँझं. दिलेला क्रमांक पुन्हा बदलायचा नाही. मृत्यूनंतर ओतलेल्या प्रती वेगळ्या दाखवा. फ्रेंच चित्रकार-शिल्पकार देगानं हयातीत एकच शिल्प जाहीर प्रदर्शनात मांडलं, १८८१ मध्ये. त्याची म्हणून आज दिसणारी ब्राँझं १९१७ मध्ये तो गेल्यावर ओतलेली आहेत.

सही, साल, ओतशाळेचा शिक्का, प्रतीचा आकडा हे सगळं टिपा. ३/८ म्हणजे आठांतली तिसरी. फ्रान्समध्ये आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या स्वतःच्या, अशा बाराच प्रती मूळ मानतात. टॉर्च आडवा धरून तळ आणि आतली बाजू बघा, पुसट अक्षरं तेव्हाच उठतात.

मापं मात्र जीव ओतून घ्या, मिलिमीटरमध्ये. नुसती उंची पुरत नाही, कारण बैठक कापलेली असू शकते. हनुवटी ते भुवई अशा दोन पक्क्या बिंदूंमधलं अंतर कॅलिपरनं घ्या. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणून ब्राँझवरून साचा काढून ओतलेली प्रत आणखी लहान भरते. एकदा विक्रीला आलेली 'म्हातारी' मी मापली. जे अंतर प्लॅस्टरवर ४१० होतं, ते आमच्या ब्राँझवर ४०३ आणि त्या प्रतीवर ३९६ भरलं. कानामागे बाबांच्या अंगठ्याचा ठसा असतो, त्याच्या रेषा तिथे बुजल्या होत्या. ती नक्कल निघाली.

हरवलेल्या कामांसाठी ओतशाळेची बिलं, प्रदर्शनांच्या पुस्तिका, विम्याचे कागद आणि फोटोंच्या पाठी चाळा. प्रत्येक कामापुढे 'शेवटचं कुठे, कुणाकडे, कधी' हा रकाना हवाच. ज्यांनी विकत घेतलं त्यांच्या मुलानातवंडांना लिहा, पण आधी फोटो पाठवा आणि "आठवतं का?" एवढंच विचारा. "तुमच्याकडे आहे का?" म्हटलं की लोक बिचकतात. मालकाचा पत्ता खासगी वहीत. छापायच्या यादीत 'खासगी संग्रह' पुरे.

चोरीचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार करा. चोरीच्या कलावस्तूंची इंटरपोलची यादी आयडी-आर्ट या अ‍ॅपवर कुणालाही पाहता येते. तिथे नोंद पोलिसांमार्फतच जाते. फोटो, मापं आणि खुणा तयार असतील तर काम भराभर होतं.

न सापडलेल्या शिल्पालाही पूर्ण पान द्या. आमच्या ६१ च्या पानावर दोन मुलींच्या उठावशिल्पाचा एकच फोटो आहे. पाठीवर पेन्सिलीनं बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'दिलं'. कुणाला, ते नाही. तो रकाना मी मोकळा ठेवलाय.