ड्रिबलरचा फाऊल सुटतो कुठे? पंचांनी या चुका टाळा

बास्केटबॉलमध्ये चेंडू ज्याच्या हातात, फाऊल त्याच्यावरच झालेला असणार, असं धरून बरेच पंच मैदानात उतरतात. मग ड्रिबलरने, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे नेणाऱ्या खेळाडूने, केलेला फाऊल डोळ्यांदेखत निघून जातो. नियमात राहून बचाव करणाऱ्यावर हा सरळसरळ अन्याय आहे.

सगळ्यात जास्त सुटतो तो मोकळ्या हाताचा फाऊल. उजव्या हाताने ड्रिबल चालू असताना डावा हात काय करतोय ते पाहा. अंगाजवळ वाकवून ठेवलेला हात चालतो. तोच हात सरळ होऊन बचावपटूला रेटू लागला किंवा त्याच्या कमरेला विळखा घालून पुढे निसटायला मदत करू लागला, की शिट्टी वाजलीच पाहिजे. स्टेप-बॅकमध्ये, म्हणजे झटकन मागे पाऊल घेऊन शॉट मारताना, हे फार सफाईने होतं. कोपर जरासं उघडतं, बचावपटूची छाती मागे जाते आणि शॉटला जागा मिळते. ती जागा पायांनी मिळवली की हाताने, एवढंच ठरवायचं असतं. पण दोघे तुमच्या नजरेच्या एकाच रेषेत असतील तर फक्त पाठ दिसते. एक-दोन पावलं बाजूला सरका, दोघांमधली फट दिसली पाहिजे. आणि नजर चेंडूवर खिळवू नका.

दुसरी चूक म्हणजे बचावपटू हलत होता, म्हणून ब्लॉकिंग (वाट अडवल्याचा बचावपटूचा फाऊल) देणं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे समोर तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकले की त्याने जागा घेतली. त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. चेंडू असलेल्या खेळाडूसमोर बचावपटू किती आधी आणि किती अंतरावर उभा राहिला, हे मोजायचंच नसतं. धडक छातीवर बसली, तर जबाबदारी ड्रिबलरची. अपवाद उडी घेतलेल्या खेळाडूचा: तो हवेत गेल्यावर मध्ये घुसणाऱ्याला हे संरक्षण नाही.

बास्केटखालच्या 1.25 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचाही गैरसमज आहे. तिथे फक्त हवेतल्या आक्रमकाच्या चार्जिंगला (बचावपटूवर जाऊन धडकण्याला) सूट मिळते. हाताने ढकललं तर फाऊलच.

निर्णय देताना मूठ फाऊल करणाऱ्या संघाच्या, म्हणजे तो संघ ज्याचा बचाव करतो त्या बास्केटकडे दाखवा. हा टीम फाऊलमध्ये (संघाच्या एकूण फाऊलमध्ये) धरला जातो, पण चेंडू त्या संघाच्या ताब्यात असल्याने, एरवी फ्री थ्रो मिळवून देणाऱ्या पाचव्या टीम फाऊललाही फ्री थ्रो नाहीत, समोरच्या संघाला थ्रो-इन द्या. मात्र शॉट हातातून सुटल्यावर धडक झाली आणि चेंडू आत गेला, तर बास्केट धरायची.