चक्कर येऊन पडताय? एमआरआयच्या आधी या चुका टाळा

माणूस शुद्ध हरपून पडला की कुणी कांदा हुंगवतं, कुणी उचलून खुर्चीत बसवतं. कांद्याने काही बिघडत नाही, बसवण्याने बिघडतं. मेंदूला रक्त कमी पडलं म्हणूनच तर तो पडलाय! आडवाच राहू द्या, पाय वर धरा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी, साखर काही नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बसून घेतलेल्या बीपीवर विसंबणं. नेहमीचं चित्र पाहा. साठी उलटलेले आजोबा, बीपीची गोळी चालू, वर प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. पहाटे लघवीला उठतात आणि बाथरूमच्या दारात कोसळतात. दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी घेतात: 130/80, नॉर्मल. मग मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, शेवटी मानेचा एक्स-रे. या वयात मणक्यांची झीज बहुतेकांना दिसतेच, त्यामुळे ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणून गळ्यात पट्टा. पुढच्या महिन्यात आजोबा पुन्हा पडतात. हजारोंची बिलं झाली, पण त्यांना उभं करून बीपी कुणी घेतलंच नाही.

घ्यायचं असं: 5 मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी. मग उभं राहून 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा. शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर आधी गोळ्यांकडे बघा, बीपी त्यांनीच उतरत असेल. पण वेळ किंवा डोस डॉक्टरच बदलतील, तुम्ही परस्पर बंद करू नका. तरुणांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, कधी बीपी टिकतं पण उभं राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी 30 ने चढते (विशीच्या आत 40 ने) आणि चढलेलीच राहते. असा त्रास महिनोन्‌महिने चालला असेल तर ‘पॉट्स’ या आजाराबद्दल विचारा. ‘अशक्तपणा’ म्हणून आधी सलाईन लावून घ्याल, तर हे आकडे झाकले जातात. सलाईनची घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, इलाज नाही.

बेशुद्धीत हातपाय दोन-चारदा झटकले म्हणजे फिटच असं नव्हे. साध्या भोवळीतही होतं. जीभ कडेला चावली का, नंतर बराच वेळ भान नव्हतं का, हे पाहणाऱ्याने सांगायचं. म्हणून त्यालाच सोबत न्या. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तम.

महिन्यातून एकदा चक्कर येते आणि 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवलेलं ईसीजीचं यंत्र) नॉर्मल आलं म्हणून हृदय ठीक, हा हिशेब चुकीचा. त्या दिवशी चक्करच आली नव्हती! जास्त दिवसांचा रेकॉर्डर मागा.

कूस बदलताना खोली गरगरते? तो बहुधा कानाचा त्रास. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून काही मिनिटांत सुटू शकतो, त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या नकोत.

पळताना किंवा आडवं पडलेलं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं, किंवा घरात कुणी ऐन तारुण्यात अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. यात ‘उद्या बघू’ चालत नाही.